मशीन सुरू झाली त्या दिवशी

लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं तेव्हा मी तिथल्या एका खासगी दवाखान्यात सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात तीन व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेले तीन वेगळे संगणक, चालत: डायलिसिसची, लॅबची आणि औषध दुकानाची. प्रत्येकीला वाटे, आपल्याला भरपूर मेमरी आहे. खरं तर तेवढी नव्हतीच. त्यांच्यावर देखरेख करणारा प्रोग्राम, हायपरवायझर, एकीची रिकामी पानं, म्हणजे मेमरीचे तुकडे, काढून दुसरीला देई. तिघींना एकदम लागत नव्हती, म्हणून निभत होतं.

उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले आणि एका सकाळी तिघींनाही एकदम मेमरी लागली. डायलिसिसचा स्क्रीन गोठला. जुन्या नोंदी दिसेनात, त्यामुळे सिस्टरला रुग्ण घेता येईनात.

जळकोटहून नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई माझ्या दारात उभी राहिली. त्याचे पाय सुजलेले.

"ताई, कवा व्हतंय?"

"करतेय, मावशी."

औषध दुकानाच्या मशीनमध्ये मी बलून फुगवला. हा आतला छोटा प्रोग्राम फुगत जातो, आणि मशीनला पानं सोडावी लागतात. कोणती सोडायची ते तिचं तीच ठरवते, बाहेरून मला काही कळत नाही. थोडी सोडली, मग तीच गुदमरली. शेवटी दुकानदाराला कागदावर काम करायला सांगून मी ती बंदच केली. तेव्हा कुठं डायलिसिसचा स्क्रीन उघडला.

मी "मशीन सुरू झाली!" म्हणाले, आणि तेवढ्यात डायलिसिसचा टेक्निशियन बाहेर आला. टाकी रिकामी होती. टँकर आलाच नव्हता, आणि डायलिसिसला पाणी तर फार लागतं.

"मशीन सुरू झाली म्हणलाव की!" बाई म्हणाली.

"ती मशीन वेगळी, मावशी."

टँकरवाल्याला मी फोन लावत राहिले. त्याचा फोन बंदच होता. दुपारी डॉक्टरांनी त्या दोघांना नांदेडला पाठवलं. नोंदींचे कागद मी छापून दिले, त्याहून जास्त मला काही करता येत नव्हतं. बाईनं ते पदरात गुंडाळले आणि नवऱ्याला आधार देत गाडीत चढवलं.

रात्री उशिरा तिचा फोन आला, डायलिसिस झालं होतं. पुढं ते नांदेडलाच खोली करून राहिले.

काही दिवसांनी सर्व्हरला जादा मेमरी आली. मी ती बसवली, तिन्ही मशिनी झरझर चालू लागल्या. डायलिसिसचे रुग्ण मात्र टँकरची वाट बघत बाकांवर बसून होते.