एकट्या विहिरीचं नाव

विहिरीत गाळ कुणी मुद्दाम टाकत नाही, तरी तो साचतोच. ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. उदगीरच्या एका ऑफिसात शिपाई होतो. दुष्काळाच्या त्या साली गावोगावच्या विहिरींत दर आठवड्याला टेप सोडून किती फूट पाणी उरलं ते मोजायचं काम माझ्याकडं आलं. आकडे मी आणायचो, शबाना मॅडम कॉम्प्युटरात भरायच्या, स्वामी साहेब सही करायचे. टँकर कुठं जाणार ते त्या यादीवर ठरायचं. हसायचो खूप, पण चूक परवडत नव्हती.

*

एक विहीर म्हणजे एक कॉलम. वर तिचं नाव: तालुका, गाव, नंबर, मधे डॅश. साहेब पडद्यावर बोट ठेवून जळकोटचे कॉलम एकेक निवडायचे. अख्खी दुपार जायची. मॅडमनी आल्या आल्या कॉम्प्युटरला हुकमाची एक ओळ लिहिली, "ज्यांचं नाव जळकोटनं सुरू होतं ते सगळे दे." क्षणात सगळे हजर!

साहेब म्हणाले, "मला न्हाई पटत. मारुती, मोज रे."

मी मोजले. बरोबर निघाले. मग साहेबांनी स्वतः मोजले. त्यांचा एक कमी भरला!

*

एकदा नुसतं 'वाडी' नावाचं एक गाव हवं होतं. मॅडमनी घाईत लिहिलं, नावात कुठंही 'वाडी' असेल ते दे. मग काय! तालुक्यातल्या झाडून सगळ्या वाड्या पडद्यावर.

साहेब म्हणाले, "अगं, एका पाहुण्याला निरोप धाडला आन् अख्खी वरात आणलीस!"

मॅडमनी 'वाडी'च्या पुढं-मागं डॅश टाकून कुंपण घातलं. वरात परत गेली.

*

मॅडम मला जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगायच्या. "चाचा, इथं टिंब दिलं की तिथं कोणतंही अक्षर चालतं."

मी म्हणालो, "म्हंजे ते शिपाईच हाय. कुठं बी उभं करा!"

मॅडम हसल्या नाहीत. उठल्या, स्वतःची खुर्ची सरकवली. "बसा चाचा. अब टाइप करा." पहिली ओळ मी त्या खुर्चीत बसून लिहिली. एका बोटानं!

*

त्याच साली नवा जिल्हा होणार अशी हवा होती. साहेबांना दम निघेना. त्यांनी एका शनिवारी सगळ्या कॉलमांच्या नावाआधी 'नवा' लावून टाकलं. सोमवारी मॅडमनी नेहमीची ओळ चालवली. एकही कॉलम येईना!

साहेब घाबरले. "जळकोट गेलं कुठं?"

"साहेब, मी जळकोटनं सुरू होणारं मागून राहिले. तुमचं तर सगळंच 'नवा'नं सुरू होतंय."

"मग आता?"

"आता काय, जिल्हा होईपर्यंत जळकोटनं तहान धरावी!"

तासाभरात सगळे 'नवा' पुसले गेले. जिल्हा राहिला हवेतच.

*

एका सोमवारी चार वाजता यादी जाणार होती. मॅडम एकेका गावाचे कॉलम वेगळे काढत होत्या. ज्या गावाला दोन-तीन विहिरी, त्याचं टेबल नावासकट आलं. मधेच एक आकड्यांची ओळ आली, वर नावच नाही.

साहेब म्हणाले, "बिननावाचं कसं धाडायचं? काढून टाका."

मला बोलायला वेळ लागतो. साहेबांचा हात माऊसवर गेला तेव्हा कुठं तोंड उघडलं. "थांबा. बोरतांड्याची हाय ती."

"कशावरून?"

"सात फूट, पाच फूट, साडेतीन, एक. मीच टेप सोडलाय. तांड्याला ती एकच हीर."

मॅडमनी बोरतांड्याचं नाव घालून आकडे काढले. तेच निघाले! त्या म्हणाल्या, "एकच कॉलम उरला की हा कॉम्प्युटर त्याला टेबल समजत नाही, नाव गाळतो. गलती माझी, चाचा." त्यांनी ओळीत एक शब्द वाढवला. तेव्हापासून एकट्या विहिरीचंही नाव राहिलं. चारच्या आत यादी गेली, टँकर गेला.

पुढच्या सोमवारी मी बोरतांड्याला मोजायला गेलो. टँकरवाल्यानं सगळं पाणी त्याच आटलेल्या विहिरीत ओतलं होतं. मी टेप सोडला, तर नऊ फूट! हा आकडा यादीत गेला की टँकर बंद. मी वही हातात धरून उभा राहिलो.

तांड्यावरची गंगाबाई घागर टेकवून म्हणाली, "मामा, त्ये पाणी टँकरचं हाय. तुमी हिरीचं मोजा."

मी शून्य लिहिलं.