गीझर वाढवा

त्या सकाळी बारा खोल्यांच्या चादरी गच्चीवर वाळत घालून आणि तांदूळ निवडून मी नुकती खाली आले होते. ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या लॉजच्या बेसिनशी एक गृहस्थ हात धुता धुता एकदम मागे सरकले.

"वहिनी, अकरा वाजले. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. हे उकळतं पाणी आता कोणासाठी?"

भोईर सरांची आणि माझी ही पहिली ओळख. रघुनाथ भोईर सर तेव्हा आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग शिकवत आणि बाहेरगावच्या परीक्षकांसाठी खोल्या पाहायला आले होते. आज त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत किती हॉटेलांची आणि लॉजची वीज त्यांनी वाचवली, ते या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. सातवी शिकलेल्या मलाही लिहायला सांगितले, म्हणून माझ्यापुरते घडले तेवढे लिहिते.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षे. आमचे हे जाऊन सात महिने झाले होते. विजेचे बिल मात्र दर महिन्याला चढत होते. दीर म्हणाले होते, "वहिनी, दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर जागा बिल्डरला देऊन टाकू." ते लॉज आमच्या यांनी स्वतः उभे केले होते. मी वर्तमानपत्र बंद केले, पडवीतला दिवा काढला, तरी बिल उतरेना.

सरांनी गच्चीवरचा मोठा गीझर पाहिला आणि दामूंना हाक मारली. दामू म्हणजे कल्याणजवळच्या मोहन्याहून रोज येणारे आमचे पन्नाशीचे कामगार.

"ही उष्णतेची कळ शेवटच्या आकड्यावर कोणी फिरवली?"

"बाईंनी सांगितलं."

"मी?"

"रोज तर सांगता. आंघोळी झाल्या की गीझर वाढवा. मी वाढवतो."

आमच्या सासरी चालत्या गोष्टीला 'बंद करा' म्हणत नसत. दुकान वाढवायचे, नारळ वाढवायचा. त्याच वर्षी माझ्या बांगड्या वाढवल्या होत्या. तो शब्द माझ्या तोंडात बसलेला. हे होते तोवर गीझर स्वतःच बंद करत. ते गेल्यावर काम दामूंकडे आले आणि सांगणे माझ्याकडे.

"दुकान वाढवतात ते कळतं हो मला," दामू कळवळून म्हणाले. "पण गीझरला आकडे आहेत ना!"

सर हसले नाहीत, निदान आमच्यासमोर नाहीत. त्यांनी पुठ्ठ्यावर 'आंघोळी झाल्या की गीझर बंद' असे लिहून तो बटणाशी टांगला आणि मला म्हणाले, "घरात वाढवा म्हणा, बाय. इथे बंद म्हणा. यंत्राला अपशकुन होत नाही."

पुढे ते दर रविवारी डोंबिवलीहून येत. त्यांची रीत अशी, की आधी फुकटात होणारे काम करायचे, मग स्वस्तातले, आणि नवीन वस्तू अगदी शेवटी. गरम पाण्याच्या उघड्या नळीला माझ्या जुन्या गोधड्या गुंडाळून वरून प्लास्टिक बांधले. फ्रीजच्या दारात पोस्टकार्ड अडकवून ओढले, ते सहज निघाले, म्हणजे रबर गेले. गल्ल्यामागे प्रत्येक किल्लीच्या खिळ्याखाली त्या खोलीचे बटण बसवले. गिऱ्हाइकाने किल्ली दिली की आपण ती टांगायची आणि बटण दाबायचे, की मागे राहिलेले दिवे-पंखे बंद. यासाठी त्यांनी माझ्याकडून तार आणि बटणांपलीकडे काही घेतले नाही.

एक गोष्ट फसली, तीही लिहायला हवी. गीझरमध्ये जाणारे पाणी आधी उन्हात तापावे म्हणून त्यांनी गच्चीवर काळा रंग दिलेला ड्रम बसवला. "माझा बा मिठागरात राबला. उन्हाला मीटर नसतो," असे ते म्हणत. पण ड्रम पूर्वी रॉकेलचा होता. एक विक्रेते गृहस्थ आंघोळ करून खाली आले ते ओरडतच. "मी माणूस आहे की स्टोव्ह?" सरांना निरोप गेला. ते त्याच दिवशी आले, "चूक माझी" म्हणाले आणि ड्रम स्वतः खाली उतरवला. पुढच्या रविवारी कोरी टाकी बसली.

मला वाचायची आवड आहे हे कळल्यावर त्यांनी वायरमनच्या वर्गाचे पुस्तक आणून दिले. युनिट म्हणजे काय, हे मी तांदूळ निवडता निवडता शिकले. शंका विचारली की ते विद्यार्थ्याला द्यावे तसे पुरे उत्तर देत. बाईमाणसाला काय करायचे आहे, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही.

दिवाळीच्या आधी दीर आले. बिल उलटसुलट करून पाहिले. "मीटर बंद पडलाय की काय?" मग जरा थांबून म्हणाले, "बिल कमी झालं, मान्य. पण वहिनी, रोज बसून हे चालवणार कोण? उद्या येतो, तेव्हा सांगा."

मी बिलाची घडी घालून ते गल्ल्यात ठेवले.

गल्ल्यामागची खुर्ची यांची होती. हे गेल्यापासून ती रिकामी होती आणि तिच्यावरचा पंखा मी दिवसभर चालू ठेवत असे. मी स्वतः शेजारच्या स्टुलावर बसून किल्ल्या देई. सरांनी लॉजमधला एकेक दिवा आणि पंखा वहीत टिपला होता. तो पंखा तेवढा टिपला नव्हता. दीर गेले तेव्हा सर फ्रीजचे नवे रबर बसवत होते. सर निघताना मीच विषय काढला.

"सर, त्या पंख्याचं राहिलं. बंद करू का?"

त्यांनी वर पाहिले, मग खाली.

"नको. पंखा वाया जात नाही, बाय. खुर्ची वाया चाललीय."

सरांचे हातपाय असेच चालते राहोत, डोळ्यांना बारीक तार दिसत राहो, शिडीवर चढण्याचा हट्ट तेवढा त्यांनी आता सोडावा, आणि त्यांच्या शंभरीच्या अंकातही मला लिहायला मिळो.

त्या बोलण्याचे पुढे काय झाले, हे सरांनी कधी विचारले नाही. आज सांगते. दुसऱ्या दिवशी मी चादरी वाळत घातल्या, तांदूळ निवडले आणि दीर यायच्या आधी त्या खुर्चीत बसून पहिली किल्ली दिली.