मेन कॉक

माझा धाकटा भाऊ प्लंबर आहे. गल्लीत त्याला सगळे पाना म्हणतात, कारण खिशात पाना असल्याशिवाय तो साधं दूध आणायलाही बाहेर पडत नाही. गळके नळ आणि तुंबलेल्या मोऱ्या यांच्यापुढे तो गुडघे टेकतो, माणसांपुढे टेकलेले मी पाहिले नाहीत. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं एका घरात राहतो आणि रोज भांडतो.

त्याचं यकृत निकामी होत आलंय. दारूने नव्हे. हे आधीच सांगून टाकते, कारण समोरच्याच्या डोळ्यांत तो प्रश्न मला लगेच दिसतो आणि माझं डोकं फिरतं. तरुणपणी अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं, त्यातून एक कावीळ अंगात शिरली आणि दबा धरून बसली. पण डोळे पिवळे आणि पोट पुढे आलेलं दिसलं, की लोकांचा निकाल तयार असतो. आमच्या काकांनी तर काही न विचारताच त्याला दारुडा ठरवून टाकलं.

पोटात पाणी साठायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलं आणि जास्त लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या. मीठ त्याने मुकाट्याने सोडलं. तरी पोट पुन्हा टम्म फुगलं, तेव्हा गड्याने धंद्याचं डोकं चालवलं. टाकी भरून वाहत असेल तर आधी मेन कॉक बंद करायचा. त्याने पाणी पिणं जवळजवळ सोडलं आणि गोळ्या मनानेच दुप्पट केल्या. मी ओट्यापाशी उभी असायची आणि हा माझ्या पाठीमागे ग्लास मोरीत ओतायचा. पोट दुखत होतं, अंगात कणकण होती, तेही दाबून ठेवलं. एका सकाळी मी त्याला उठवायला गेले तर म्हणाला, "बाई, तुमचा कुठला नळ गळतोय?" त्याने मला ओळखलंच नव्हतं.

दवाखान्यात सुई घालून पोटातलं पाणी काढलं, ते गढूळ निघालं. त्यात जंतू झाले होते. लघवीची पिशवी लावली तर तळाशी काळ्या चहासारखं चमचाभर काहीतरी. किडन्यांनी हात टेकले होते.

काकांनी मला बाजूला घेतलं. यकृत गेलं, आता किडन्याही गेल्या, कशाला हाल करता, घरी न्या आणि शांतपणे जाऊ द्या, असं म्हणाले. मी म्हटलं, "काका, घर माझं आहे. तिथे मरायला कुणी यायचं नाही." पुढे मी आणखी बरंच बोलले. त्यातला एक शब्दही मी परत घेणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावलं. किडन्या मुळात बिघडलेल्या नव्हत्या. यकृत असं कडक झालं की पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिथेच रेंगाळतं आणि किडन्यांपर्यंत जोर पोचत नाही. त्यात पोटातला संसर्ग, आणि वर तहान आणि गोळ्या. त्या जंतू मारायचं औषध देणार होत्या, शिरेतून प्रथिनं देणार होत्या आणि रक्तवाहिन्या आवळायचं औषधही. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

तो शुद्धीवर आल्यावर त्यांनी त्यालाही हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मोटर चांगली आहे, प्रेशर नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या, "आणि पाणी तुम्हीच तोडलंत."

त्याचा चेहरा पडला. मला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं. म्हटलं, आधी हा जगू दे.

मग मी पिशवीकडे बघत बसले. ती भरायला लागली, आधी नावापुरती, मग खरोखरची. शेजारच्या खाटेजवळ बसणाऱ्या बाईंना मी ती पिशवी दाखवली, लोक नातवाचा फोटो दाखवतात तशी. त्यांनीही मनापासून कौतुक केलं.

पण घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. किडन्या सावरल्या असल्या तरी यकृत तेच होतं, हे पुन्हा होणार आणि पुढच्या वेळी औषध ऐकेल याची खात्री नाही. नवीन यकृत हवं. जवळच्या माणसाच्या यकृताचा तुकडाही चालतो, जुळला तर. मी लगेच सांगितलं, माझं तपासा.

"ताई, तुझ्या पोटावर सुरी चाललेली मला चालणार नाही," तो म्हणाला. "माझं मी बघून घेईन."

"तू बघून घेतलंस म्हणूनच इथे आलोय."

त्याने भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मी त्याला रडू दिलं आणि रक्त तपासायची खोली विचारत खाली गेले. तिथल्या बाईंनी नातं विचारलं. थोरली बहीण, मी सांगितलं. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. तरी बाही वर केली.