अडथळा दूर झाला

शिवणबाईच्या हातचा पांढरा फ्रॉक घातल्याशिवाय त्या चर्चमधल्या एकाही पोरीने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला नव्हता. गळ्याला बारीक चुण्या, बाहीला लेस आणि आतून मऊ अस्तर, कारण टोचलं की पोरी वेदीसमोरच खाजवत बसतात. फ्रॉक न्यायला आलेल्या आया तोंडभर कौतुक करायच्या. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, त्याच आया प्रसादाच्या रांगेकडे निघाल्या की ती गुडघे एका बाजूला वळवून त्यांना वाट करून द्यायची. बघता बघता सगळा बाक रिकामा व्हायचा, आणि नापास मुलांसारखे ती नि तिचा नवरा तेवढे मागे उरायचे.

गुन्हा काय, तर दुसरं लग्न. पहिल्या नवऱ्याने दाराच्या फटीत धरून तिचं मनगट मोडलं होतं आणि वर डॉक्टरला सांगितलं होतं, ‘हिला चालायचं भान नाही.’ ती निघून गेली, कोर्टाने सोडचिठ्ठी दिली. पण चर्च कोर्टाचं ऐकत नाही. चर्चच्या लेखी तो जिवंत असेपर्यंत ती त्याचीच बायको, आणि तिने नंतर कचेरीत सह्या करून केलेला संसार म्हणजे व्यभिचार; अशांना प्रसाद नाही. पहिल्याने पुन्हा लग्न केलं नाही. गरजच काय, स्वयंपाकाला आई होती. मारणं हेही पाप खरंच, पण ते फादरांपुढे कबूल केलं की धुतलं जातं, आणि तो नेमाने धुऊन यायचा. हिचं पाप मात्र रोज संध्याकाळी चपला काढून घरात यायचं आणि विचारायचं, ‘‘चहा टाकलास का गं?’’

ते पाप लिफ्ट दुरुस्त करायचं. ‘‘दिवसभर लोकांना वर पोचवतो,’’ तो म्हणायचा, ‘‘आणि वरचं दार मलाच बंद!’’ तो हसण्यावारी न्यायचा, तिला जमत नसे. तिला प्रसाद हवा होता, आणि तो लोकांना दाखवायला नव्हे. लहानपणी पहिल्यांदा ती कागदासारखी पातळ भाकर जिभेवर ठेवली तेव्हा आत कुणीतरी हक्काने येऊन बसल्यासारखं वाटलं होतं. ते कुणीतरी आता दर रविवारी तिच्या डोळ्यांदेखत शेजारणींकडे जात होतं.

म्हाताऱ्या फादरांनी तोडगा सुचवला होता: एकाच घरात राहा, पण भावा-बहिणीसारखं, मग प्रसाद मिळेल. लिफ्टवाल्याने निमूटपणे आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. आठवडाही निघाला नाही. शिवणबाईनेच ती गादी ओढत परत आणली, आणि दोघं खूप हसली, आणि मग ती खूप रडली.

उरला एकच मार्ग, पहिल्याने मरण्याचा. तोही याच चर्चचा; मिस्सेत खोकला की लिफ्टवाला तिला कोपराने ढोसायचा. ‘‘छातीत भरलंय वाटतं.’’

‘‘अहो, असं बोलू नये,’’ ती दटावायची, आणि डोळे मिटून देवाकडे तेच मागायची. पहिला मात्र ठणठणीत होता. पुढे तर प्रसाद वाटायला फादरांचे हात अपुरे पडू लागले, तेव्हा चांगल्या चालीच्या गृहस्थांत त्याचीही नेमणूक झाली.

नवे फादर तरुण होते. ते म्हणाले, अशांना प्रसाद द्यावा का, यावर वर बिशप लोकांत मोठा वाद चाललाय. काही ठिकाणी एकेकाची कहाणी ऐकून परवानगीही देतात. मग मिस्सेनंतर चहा घेताना इथेही वाद पेटला. कुणी म्हणालं, दया दाखवा. पहिल्याचा आवाज सगळ्यांत चढा. ‘‘मग आम्ही नियम पाळले ते काय मूर्ख म्हणून?’’ लोकांनी माना डोलावल्या. शिवणबाई कपबशा गोळा करत होती.

‘‘थोडा धीर धरा,’’ फादर तिला बाजूला घेऊन म्हणाले. ‘‘वरून काही कळलं की मी स्वतः तुमच्यासाठी बोलेन.’’

तिने धीर धरला. लिफ्टवाल्याला तो धरता आला नाही. एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या यंत्रखोलीत तो काम संपवून उठला आणि कोसळला. लिफ्ट सुरू झाली, तो बंद पडला.

दफन झाल्यावर फादर घरी आले. मनाने चांगला माणूस, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला. ‘‘बाई, दुःख मोठं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण देव एक दार उघडतो आहे. आता तुमच्या वाटेत अडथळा उरलेला नाही.’’

कसला अडथळा, म्हणून ती क्षणभर खोलीत बघत राहिली. मग तिला कळलं. अडथळ्याचा चष्मा अजून फ्रिजवरच होता.

‘‘म्हणजे बाबा गेले ते बरंच झालं?’’ तिची नि लिफ्टवाल्याची मुलगी दारातून म्हणाली. दातांच्या दवाखान्यात कामाला होती, बोलणंही तसंच, थेट नसेवर.

‘‘तसं नाही, बाळ. फक्त आईने पापनिवेदन करायला हवं. झाल्याचा मनापासून पश्चात्ताप हवा.’’

फादर गेल्यावर मुलगी आईसमोर येऊन बसली. ‘‘आई, तू बाबांबद्दल माफी मागणार?’’

‘‘देवाकडे मागायची आहे.’’

‘‘ज्याच्याकडे मागायची त्याच्याकडे माग. पण मागणार ना? मग मी कोण? त्या चुकीतून झालेली?’’

शिवणबाईने मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. तो ओवला गेला नाही. मुलीने तो ओवून दिला नाही.

शनिवारी ती पापनिवेदनाला जाळीपलीकडच्या फादरांसमोर गुडघ्यांवर बसली. आधी सोपं सांगितलं. ‘‘एका माणसाला मरण मागत होते, फादर. कित्येक वर्षं.’’

‘‘त्याचं वाईट वाटतं?’’

‘‘वाटतं ना. ऐकलं देवाने, पण माणूस भलताच नेला.’’

मग फादर हलकेच म्हणाले, ‘‘आणि त्या दुसऱ्याबरोबरची वर्षं? त्यांचा पश्चात्ताप होतो?’’

तिने त्या वर्षांत शोधून पाहिलं. एखादं भांडण, एखादा अपमान, कशाचंतरी वाईट वाटेल म्हणून धुंडाळलं. सगळीकडे तो चहा मागत उभा. खोटं बोलून प्रसाद घेणं हे त्या संसाराहूनही मोठं पाप, हे तिला माहीत होतं. पण भूक लागलेल्या माणसाला कुठलं पाप मोठं ते सुचत नाही.

‘‘होतो,’’ ती म्हणाली. ‘‘चुकले मी.’’

फादरांनी क्षमा दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं: मरियेची प्रार्थना, तीन वेळा. एवढ्या संसाराची एवढीच शिक्षा. बाकावर जाऊन बसेपर्यंत ती म्हणून संपलीसुद्धा.

रविवारी मुलगी आली नाही. शिवणबाई रांगेत उभी राहिली तेव्हा बायकांनी वळून बघितलं, एकीने पाठीवरून हात फिरवला, दुसरीचे डोळे भरून आले. किती गोड माणसं! त्यांनीच तिला पुढे सरकवलं. फादरांची रांग लांब होती, म्हणून कुणीतरी खांदा धरून तिला डावीकडच्या लहान रांगेत लावलं.

मान वर केली तेव्हा समोर पहिला होता, हातात प्रसादाची वाटी घेऊन. इस्त्रीचा सदरा, स्वच्छ नखं. मागे फिरायला जागा नव्हती, मागे सगळी गोड माणसं उभी होती. तिने दोन्ही तळवे पुढे केले. मोडलेलं मनगट नीट जुळलं नव्हतं, डावा तळवा थोडा वाकडाच राहायचा. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

‘‘ख्रिस्ताचं शरीर,’’ तो प्रसाद पुढे करत नेमाप्रमाणे म्हणाला, आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू, ‘‘आलीस ना शेवटी वठणीवर?’’

तिथे उत्तर म्हणून एकच शब्द म्हणतात. ‘‘आमेन,’’ ती म्हणाली.