वैशालीचा कोपरा

हाफटाइमला स्कोअर होता चौदा-चोवीस. चौदा आमचे. सर पाण्याची बाटली हातात धरून उभे होते, पीत नव्हते.

"वैशाली, तू बस आता," ते म्हणाले. "त्यांची सात नंबर तुझ्याच कोपऱ्यातून घुसून राह्यली."

वैशाली खाली बसून बुटाची लेस सोडायला लागली. माझ्या मांडीवर चार्ट होता, आणि चार्ट काही वेगळंच सांगत होता.

आधी माझं काम सांगते. मी मूल गावच्या कॉलेजात सेकंड इयरला आहे, मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये. पावसाळ्यात गुडघा मुरगळला, तेव्हा सरांनी मला बेंचवर बसवून चार्ट दिला. कागदावर अर्धं कोर्ट काढायचं. समोरच्या टीमनं जिथून बास्केट केला तिथे गोल, जिथून हुकला तिथे फुली. प्रॅक्टिस मॅच संपली की सर तो कागद घडी करून खिशात टाकायचे. तो कोणी पाहत नव्हतं आणि पाहा असं मीही म्हटलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. सर सांगतील ते लिहून घ्यायचं, एवढंच मला माहीत होतं. सरांना आपणही काही दाखवू शकतो, हे कधी सुचलं नाही.

ही मॅच मात्र साधी नव्हती. मागची दोन वर्षं आम्ही चंद्रपूरला स्पर्धेला येऊन पहिल्याच फेरीत हरलो होतो. यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षी मुलींची टीम पाठवायची नाही, असं प्राचार्यांनी सरांना सांगितलं होतं. माझा गुडघा पुढच्या वर्षीपर्यंत बरा होणार होता. टीमच नसेल तर बऱ्या गुडघ्याचं करायचं काय?

आमच्या मुली उंचीनं कमी. एकेकीनं समोरच्या एकेकीला धरून पळायचं, म्हणजे मॅन टू मॅन, हे आम्हाला झेपत नव्हतं. म्हणून सरांनी झोन डिफेन्स शिकवला. झोनमध्ये माणूस नाही, जागा सांभाळायची. पुढे दोघी, मागे बास्केटजवळ तिघी. मागच्या तिघींत उजव्या कोपऱ्यात वैशाली, डावीकडे काजल आणि मधे आमची कॅप्टन शुभांगीताई.

"सर," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा जरा जोरात म्हटलं.

"काय आहे?"

"वैशालीच्या कोपऱ्यातून दोनच झाले."

मी चार्ट पुढे केला. बारा गोल होते. दोन वैशालीच्या कोपऱ्यात, तीन इकडेतिकडे, आणि सात बास्केटच्या बरोबर समोर, मधे.

शुभांगीताईनं कागद ओढून घेतला. "म्हंजे माझ्या जागेतून? मी तं तिथीच उभी हाय!"

"नाई ताई. सात नंबर घुसली का तू वैशालीकडे धावते. मधे कोणीच राहत नाई. मंग ती बॉल मधे देते."

"मंग काय हिले एकटीले सोडू?"

"जागा सोडायची नाई म्हणून किती वेळा सांगतलं तुले!" सर ओरडले.

"सर, ताई नाई आली तं ती सात नंबर मले पाणी न पिता गिळते," वैशाली लेस हातात धरून म्हणाली.

सगळ्या हसल्या. सर नाही हसले.

जागा सोडू नका, हे सर महिनाभर सांगत होते आणि मुली महिनाभर सोडत होत्या. त्या ऐकत नव्हत्या असं नाही. आमच्यातल्या बहुतेक जणी दरवर्षी धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जातात. तिथे बायका एका रांगेत वाकून रोवत मागे सरकतात, प्रत्येकीचा एक पट्टा. एखादी मागे पडली की बाजूची तिच्या पट्ट्यातही रोवते. ती वाट पाहत नाही, विचारत नाही. शुभांगीताई कोर्टवर तेच करत होती. ते सोड म्हणून ती सोडणार नव्हती.

पण रोवण्यात आणखी एक गोष्ट असते, ती मला तिथे बसल्या बसल्या आठवली.

"सर, रोवण्यात एखादीचं लेकरू रडलं आणि ती शेताच्या कडेला धुऱ्यावर गेली, तं तिचा पट्टा रिकामा नाई राहत. बाजूच्या सरकून घेतात."

"रोवणा इथी कुठून आणला?"

"ताईले जाऊ द्या. ती गेली का काजलनं मधे सरकायचं."

"आणि काजलची जागा?"

"ती बॉलपासून सगळ्यात लांब. तिथपर्यंत बॉल यायले वेळ लागते. तोपर्यंत पुढची एक खाली येईन."

सर चार्टकडे पाहत राहिले. मग काजलकडे वळले. "कळलं का?"

"ताई धुऱ्यावर गेली का मी सरकतो," काजल म्हणाली.

"वैशाली, लेस बांध."

पहिल्या दोन वेळा काजल उशिरा सरकली आणि दोन बास्केट झाले. तिसऱ्या वेळी ती वेळेवर आली आणि मधे आलेला पास थेट तिच्या हातात पडला. त्यानंतर सात नंबर घुसायची, ताई आडवी जायची आणि मधे काजल उभी असायची. दुसऱ्या हाफमध्ये त्यांचे दहाच पॉइंट झाले. आम्ही पस्तीस-चौतीस जिंकलो. शेवटच्या मिनिटाला मी चार्ट भरायचा विसरले, त्यामुळे तो अपुरा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या फरकानं हरलो. ती टीम आत घुसलीच नाही. लांबूनच बॉल टाकत राहिली. या वेळी मी पहिल्याच क्वार्टरला उठले आणि सरांना बाहेरचे गोल दाखवले.

"दिसून राह्यलं मले," सर म्हणाले. "त्याच्यावर उपाय नाई आपल्याजवळ."

प्राचार्यांची अट मात्र पहिल्या फेरीपुरतीच होती. पुढच्या वर्षीच्या यादीत माझं नाव आहे.

त्या पहिल्या मॅचचा चार्ट माझ्याकडे आहे. मधले सात गोल हाफटाइमला अचानक उगवले नव्हते. पहिला क्वार्टर संपताना तिथे चार होते आणि ते मला दिसले होते. चार्टची काही चूक नव्हती. उशीर माझा होता.