दोन वाटांचा निरोप

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या रंगांच्या कारखान्यात मालिनी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होती. सत्त्याण्णव सालच्या त्या आठवड्यात मात्र तिचं अर्धं लक्ष उल्हासनगरच्या दवाखान्यात होतं. तिथे तिचे सासरे, अण्णा, अर्धांगाच्या झटक्यानंतर पडून होते. घरी न्या, असं डॉक्टर कधीचे सांगत होते. कोणाच्या घरी, ते ठरत नव्हतं. त्यांना बदलापूरला, कात्रपला आपल्याकडे आणावं, असं मालिनीच्या मनात होतं.

तिचा नवरा हेमचंद्र आणि थोरले दीर दिगंबर, म्हणजे दादा, यांचं बोलणं बंद होतं. बदलापूरहून दादांकडे अंबरनाथला जाणारा निरोप मालिनी जाऊबाईंना फोनवर सांगे. तोच निरोप हेमचंद्र उल्हासनगरला बहिणीला, बकुळाला, सांगे आणि तीही तो दादांकडे पोचवी. उत्तरंही तशीच दोन्हीकडून येत. "अण्णांना उठवा-बसवायला माणूस लागेल," एवढंच हेमचंद्र म्हणाला होता. फिरून ते घरी परत आलं तेव्हा "हेमूला अण्णा जड झालेत" असं झालं होतं. मग हेमचंद्राचा संताप पुन्हा दोन्ही वाटांनी निघाला.

शुक्रवारी कारखान्यातलं नेटवर्क ठप्प झालं. ऑफिस आणि प्लँट एका केबलने जोडलेले होते; दोन्ही टोकांना ब्रिज म्हणतात तशी एकेक पेटी. ती केबल मागे एकदा तुटली, म्हणून साहेबांनी जोडीला दुसरी टाकून घेतली, तिलाही दोन ब्रिज. ती जोडल्याबरोबर पेट्यांवरचे दिवे लागले ते विझेनात. सगळ्यांसाठी निघालेला एक निरोप एका केबलने जाई, दुसरीने परत येई आणि पुन्हा जाई; बाकी कशाला वाटच उरेना.

मालिनीने नवी केबल काढली. ब्रिजमधली स्पॅनिंग ट्रीची, म्हणजे असा फेरा तोडण्याची, सोय बंदच राहिली होती. ती तिने चारही पेट्यांवर चालू केली, ऑफिसातला जुना ब्रिज मुख्य ठरावा म्हणून त्याला सगळ्यात लहान आकडा दिला, कारण इथे लहान आकड्याला मोठा मान, आणि केबल पुन्हा जोडली. थोड्या वेळाने पडद्यावर नव्या केबलच्या एका टोकापुढे 'ब्लॉकिंग' उमटलं. दिवे नेहमीसारखे लुकलुकू लागले.

"अहो बाई, एवढी खोदाई करून नवी केबल बंद ठेवायची?" विष्णुपंत साहेब म्हणाले.

"एकीने गप्प बसल्याशिवाय चालत नाही, सर. ही ऐकत राहील. पुढे काही पाठवणार नाही. जुनी तुटली तरच उघडेल."

"आमच्या घरी बसवून द्याल का हे?"

मालिनीला हसू आलं नाही. संध्याकाळी तिने बकुळाला फोन लावला.

"वन्सं, आजपासून दादांशी काय ते तुम्हीच बोला. मी जाऊबाईंना फोन करणार नाही. यांनाही सांगितलंय."

"वा वहिनी! म्हणजे मी अडकायचं आणि तुम्ही नामानिराळ्या?"

"तसं समजा."

रविवारी बकुळाचा फोन आला. "ठरलं बाई एकदाचं. अण्णा दादाकडे राहणार. हेमूने हो म्हटलंय."

दादांचं घर दुसऱ्या मजल्यावर, जाऊबाईंचे गुडघे धरलेले. मालिनीच्या ओठांवर आलं होतं. जाऊबाईंना एक फोन केला असता, तर सगळं पुन्हा सुरू झालं असतं.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघा भावांनी, एकमेकांकडे न बघता, अण्णांना उचलून टॅक्सीत बसवलं. मालिनी त्यांचे पाय आत घेत होती. अण्णांनी तिचा हात धरला. शब्द तोंडातून नीट फुटत नव्हते.

"तुझ्याकडे... नाही?"

तिने हेमचंद्राकडे पाहिलं. तो औषधांची पिशवी चाचपत होता.

"नाही, अण्णा. दादांकडे," ती म्हणाली आणि तिने त्यांची शाल गुडघ्यांवर ओढली.