खाडीच्या तोंडाचे मासे

मी भातशेतीवाल्या घरातली. आमचं गाव पालीच्या पलीकडे. समुद्र म्हणजे वर्षातून एखाद्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावर जाऊन भेळ खायची, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून लागले तेव्हा मी घरी सांगितलं, "माशांवर काम आहे." आईला वाटलं, मत्स्यालयात नोकरी लागली. काम निराळंच होतं. कारखान्यांच्या एका वसाहतीतलं सांडपाणी प्रक्रिया करून पाइपातून समुद्रात सोडत. त्या पाण्याचा माशांवर काय परिणाम होतो, हे दर महिन्याला जाऊन तपासायचं. वसाहत कुठली आणि किनाऱ्यावरचं गाव कुठलं, ते इथे लिहीत नाही. त्या गावच्या बायका आजही टोपल्या घेऊन बाजारात बसतात, आणि बाजारात एकदा नाव खराब झालं की ते सुधारत नाही.

प्रकल्प आमच्या मॅडमचा होता. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कमीजवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"पोहता येतं?"

"नाही मॅडम."

"मग लाइफ जॅकेट उतरवायचं नाही. जेट्टीवरसुद्धा नाही."

मी जेट्टीवर ते केशरी जॅकेट घालून चहा प्यायले, तेव्हा जाळी विणत बसलेली माणसं हसून बेजार झाली. मॅडमनी मग स्वतःचंही जॅकेट चढवलं आणि माझ्या शेजारी बसून चहा प्यायल्या.

बोट होती गावच्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षाची. तो स्वतःच बोट चालवायचा, म्हणून सगळे त्याला तांडेलच म्हणत. पकडलेली मासळी त्याची बायको बाजारात विकायची. तिला मी मावशी म्हणू लागले. पहिल्या फेरीला खाडी सोडून बोट बाहेर पडली आणि मला ओकाऱ्या सुरू झाल्या. मॅडमनी माझं कपाळ धरलं.

"सवय होईल का मॅडम?" मी कसंबसं विचारलं.

"मला अजून झालेली नाही," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने बोटीच्या दुसऱ्या अंगाला वाकून त्यांनीही पोट रिकामं केलं. मग चूळ भरली, तोंड पुसलं आणि पाण्याचा नमुना घ्यायची बाटली दोरीने खाली सोडली. पंचवीस-तीस वर्षं ही बाई बोट लागत असताना समुद्रावर येत होती, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. त्या दिवसानंतर मी उलटीची तक्रार केली नाही.

आम्ही तीन जागी जाळं टाकायचो. एक जागा दक्षिणेला खूप लांब, जिथे कारखाना नाही. तिथले मासे तुलनेसाठी. दुसरी जागा समुद्रात आत, जिथे पाइपाचं तोंड उघडतं. तिसरी खाडीच्या तोंडाशी, गावाजवळ. मिळालेले मासे बर्फात घालून अलिबागला आमच्या भाड्याच्या खोल्यांत आणायचे. तिथे वजन, लांबी, मग कल्ले आणि यकृताचे बारीक तुकडे फॉर्मालिनमध्ये. त्यांचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. निरोगी माशाचे कल्ले कंगव्याच्या दातांसारखे दिसतात, सरळ, सुटे सुटे. पाणी वाईट असलं की ते दात सुजतात, एकमेकांना चिकटतात. काही तुकडे धातू तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत जात.

घरमालकीण वासाला कंटाळली होती. मॅडम तिच्यासाठी दर वेळी मोगऱ्याचा गजरा आणायच्या. फॉर्मालिनवर मोगऱ्याचा काही उपयोग होत नाही, पण ती बाई खोल्या सोडा म्हणायची थांबली.

सगळ्यांची अपेक्षा अशी की पाइपाच्या तोंडाजवळचे मासे सर्वांत वाईट असणार. माझीही तीच. पण काचपट्ट्या वेगळं सांगत होत्या. पाइपाच्या तोंडाजवळचे मासे दक्षिणेकडच्या माशांहून फारसे वेगळे नव्हते. खाडीच्या तोंडाजवळच्या बोय माशांचे कल्ले मात्र सुजलेले, यकृत फिकट. मला वाटलं, पट्ट्यांवर नावं घालताना माझीच काहीतरी गडबड झाली. रडकुंडीला येऊन मी मॅडमना सांगितलं. त्यांनी एकेक पट्टी स्वतः पाहिली.

"गडबड तुझी नाही. पण घाई करायची नाही. बोय फिरता मासा आहे, आज इथे, उद्या तिथे. जागचा हलत नाही असं काय मिळेल?"

"निवटे?" मी म्हणाले. चिखलात बीळ करून राहणारा तो मासा मी मावशीच्या टोपलीत पाहिला होता.

"बघ, कसं सुचलं! निवटे आणि कालवं. खडकाला चिकटलेलं कालव कुठे पळणार?"

पुढचे महिने आम्ही निवटे आणि कालवं गोळा केली. त्यांनीही तेच सांगितलं. त्रास खाडीतच होता. एका संध्याकाळी मॅडमनी किनाऱ्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि पाइपाची रेघ बोटाने ओढत नेली. ती रेघ समुद्रात शिरण्याआधी खाडीच्या चिखलाखालून जात होती.

"पाणी शेवटपर्यंत पोचतच नसेल तर?" त्या म्हणाल्या.

मोठ्या ओहोटीच्या दिवशी आम्ही चिखलात उतरलो. तांडेल आणि मावशीही सोबत आले. मी पहिल्याच वळणावर गुडघ्यापर्यंत रुतले आणि एक चप्पल कायमची गेली. मॅडम हातात काठी घेऊन पाइपाच्या रेघेने पुढे चालत होत्या, मध्ये मध्ये थांबून मला ओढून काढत होत्या. कांदळवनाच्या कडेला एका जागी चिखल बुडबुडत होता. मी वाकून हात लावला. पाणी कोमट होतं, आणि वास तोच, वसाहतीवरून जाताना नाकात शिरणारा. पाइप इथेच फुटला होता. मी मॅडमना हाक मारली.

मॅडम आल्या, पाहिलं, बाटल्या भरल्या, फोनवर जागेची नोंद घेतली. मला वाटलं होतं त्या खूश होतील. बाटल्यांची बुचं घट्ट करत त्या म्हणाल्या, "किती दिवस वाहतंय कोण जाणे."

अहवाल संबंधित खात्याकडे गेला. त्यांची माणसं पाहून गेली, नमुने घेऊन गेली. पण दुरुस्ती पावसाळ्यानंतरच होईल असं कळलं. तोवर गावाला काय सांगायचं? मॅडम म्हणाल्या, जे आहे ते. सोसायटीच्या हॉलमध्ये सभा भरली.

सुरुवात तांडेलानेच केली. "मॅडम, तुमी आमच्या बोटीनं फिरल्या. आता लिवायचं तर सगला समुंदर खराब हाय असंच लिवा. अर्ध्या गोष्टीला कोण इचारत न्हाय."

बायकांच्या बाजूने मावशी उठली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आन् सगला खराब लिवल्यावर माजा म्हावरा कोन घेल? तुमी घेल? मॅडम, खराब हाय म्हनून लिवूच नका. आमच्या पोटावर पाय येल."

नवराबायको दोन टोकांना आणि मॅडम मध्ये. त्यांनी आवाज चढवला नाही.

"बाहेरच्या समुद्रातले मासे चांगले आहेत. मी ते खाते, घरीही नेते. खाडीच्या तोंडाचे मासे आजारी आहेत. ते खाल्ल्याने माणसाला काय होतं, ते मला आज सांगता येणार नाही. अजून तपासणी चालू आहे. पण कळेपर्यंत मी ते खाणार नाही आणि तुमच्या मुलांना द्या असंही म्हणणार नाही. मी एवढंच लिहिलंय. एक वाक्य वाढवलं आणि ते खोटं निघालं, तर खरं असलेलंही खात्याचे लोक केराच्या टोपलीत टाकतील."

हॉलमध्ये गलका झाला. कोणी म्हणालं बाई कारखानेवाल्यांची, कोणी म्हणालं बाई आमचा धंदा बुडवणार. एका म्हाताऱ्याने तर बोट द्यायची बंद करा म्हणून सांगितलं. मॅडम खुर्चीत शांत बसून प्रत्येकाचं ऐकत होत्या. मला त्यांचा हात धरून बाहेर न्यावंसं वाटत होतं.

मग मावशी पुन्हा उठली. तिने मॅडमना विचारलं, "तुमी खानार न्हाय ना खाडीचा?"

"नाही."

"मग माज्या टोपलीत पन न्हाय. गिऱ्हाइकाला पोर न्हाय काय?"

एवढं बोलून ती खाली बसली. हे बोलणं सोपं नव्हतं. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा ताजी मासळी मिळते ती खाडीचीच. त्या पावसाळ्यात मावशी बाजारात सुकट आणि सुके बोंबील घेऊन बसली. शेजारणी ताजी मासळी विकत होत्या. दोघीतिघींनी तिचं ऐकलं, बाकीच्यांनी नाही. मी एकदा तिच्याजवळ जाऊन बसले तर एक गिऱ्हाईक विचारत होतं, ताजं काही नाही का. मावशी म्हणाली, "खाडीचा हाय, पन बरा न्हाय. पाऊस संपला की या." ते गिऱ्हाईक गेलं. ती पुन्हा माश्या वारत बसली.

तांडेलाने बोट बंद केली नाही. पाऊस उघडल्यावर पहिल्या फेरीला तो स्वतः जेट्टीवर उभा होता. मॅडमना आधार देऊन चढवताना म्हणाला, "बायकोनं सांगितलंय, मॅडमना निंबू द्या." आणि खरंच लिंबं दिली. मॅडमना त्याने थोडा फरक पडला, मला अजिबात नाही.

पाइप दिवाळीनंतर दुरुस्त झाला. खाडी लगेच सुधारली नाही. चिखलात साठलेलं सहजासहजी जात नाही, आणि काही महिने काचपट्ट्या तशाच दिसत होत्या. प्रकल्पाची मुदतही संपली. मॅडमनी काम थांबवलं नाही. महाविद्यालयातून मिळेल तेवढी मदत घेऊन, सुट्टीच्या दिवशी यायच्या. मी दुसरीकडे शिकवायला लागले होते तरी त्यांच्याबरोबर जायचे. कुणी बोलावत नव्हतं, पण त्या सकाळी जेट्टीवर उभ्या असतील हे माहीत असताना घरी बसवत नसे.

एका दुपारी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं आणि स्वतः बाजूला झाल्या. खाडीच्या बोय माशाचे कल्ले होते. दात बरेचसे सुटे झाले होते. सगळे नाही, पण बरेचसे. मी आनंदाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"पुढच्या महिन्यात परत बघू," मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा काढून नवऱ्याच्या त्या जुन्या शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मग मावशीला फोन लावून सांगितलं, अजून थोडं थांबा, पण बरं होतंय. फोनमधून मावशीचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं. ती मॅडमना जेवायला बोलावत होती.